अनुष्काचा रकाना

१

सकाळी साडेआठची बस भंवरकुआंहून धरायची, सिमरोलच्या पुढे इन्स्टिट्यूटच्या फाटकाशी उतरायचं आणि जिना उतरून तळघरातल्या खोलीत जाऊन बसायचं. ऋजुताची सहा वर्षं एवढ्यात मावत होती. खोलीला खिडकी नव्हती. दोन टेबलं, दोन खुर्च्या, दोन मॉनिटर आणि एक एसी, तोही गार कमी करायचा आणि कुरकुरायचा जास्त. बाहेर वैशाखाचं ऊन डोकं फोडत असलं तरी आत पत्ता लागायचा नाही.

ऋजुता धुळ्याची. इंदूरला आली तेव्हा चोवीस वर्षांची होती, आणि तीन-चार वर्षांत पीएचडी उरकून आपण परत जाऊ असं तिला वाटत होतं. वाटायला काय जातंय! पाच वर्षं हाती काही लागलं नाही. आई फोनवर दर रविवारी "झालं का गं?" विचारायची, आणि वडील विचारायचे नाहीत, ते जास्त लागायचं. मग गेल्या गणपतीत एक तारा भडकला.

एरवी भल्यामोठ्या दुर्बिणीतूनही जेमतेम दिसणारा हा तारा दोन दिवसांत हजारो पट उजळला आणि पुढच्या अकरा दिवसांत विझत विझत पुन्हा होता तसा झाला. असे तारे असतात. प्रश्न एवढाच होता, की हा याआधी कधी भडकला होता का? त्याचं उत्तर जुन्या फोटोंत. परदेशातल्या एका वेधशाळेने सत्तर वर्षं आकाशाचे फोटो काचेच्या प्लेटांवर काढून ठेवले होते, आणि आता त्या स्कॅन करून नेटवर टाकल्या होत्या. त्यांतल्या तीनशे चाळीस प्लेटांवर आकाशाचा तेवढा तुकडा आलेला होता; त्या ऋजुताने आपल्या मशीनवर उतरवून घेतल्या होत्या. एकेक उघडायची आणि बघायचं. प्लेटांवर डाग, ओरखडे, बुरशी, काय नाही ते. संगणक तिथे गडबडतो, माणसाचा डोळाच लागतो.

आणि एकाचा डोळा पुरत नाही. ऋजुताचे गाइड अशोक सर, त्यांचा नियम कडक होता: प्रत्येक प्लेट दोघांनी बघायची. वेगवेगळी, एकमेकांना न विचारता, न दाखवता. तारा दिसला तर त्याच्या तेजाचा आकडा लिहायचा, नाही दिसला तर रेघ मारायची. एक रकाना ऋजुताचा, दुसरा तिच्या ज्युनिअरचा, अनुष्काचा.

ऋजुताच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत रेघा होत्या. म्हणजे सत्तर वर्षांत हा तारा एकदाही भडकला नव्हता, गणपतीतली पहिलीच वेळ. असा तारा विरळा. या एका निष्कर्षावर तिचा पेपर उभा होता, पेपरवर पीएचडी, आणि पीएचडीवर हॉलंडमधली नोकरी. तारा आधी भडकलेला निघाला की सगळं मुसळ केरात.

अडचण एकच होती. अनुष्का संक्रांतीनंतर सोडून गेली, आणि तिच्या रकान्यात मधल्यामधल्या एकशे अठरा जागा रिकाम्या राहिल्या. पेपर तपासणाऱ्या परीक्षकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं: दुसऱ्या व्यक्तीची निरीक्षणं पूर्ण करून पाठवा. मुदत शुक्रवार.

ऋजुताने काय केलं? आपला हात जगन्नाथ! सोमवारी साडेअकराला बसली आणि अनुष्काच्या नावाने एकशे अठरा रेघा स्वतःच मारून टाकल्या. आपल्याला दिसला नाही तो तिला काय दिसणार होता? वीस मिनिटांचं काम. मग कॅन्टीनला जाऊन पोहे खाल्ले, वर शेव जरा जास्त टाकून घेतली.

परत आली तेव्हा अनुष्काच्या रकान्यात, प्लेट क्रमांक दोनशे चौदाच्या पुढे, रेघ नव्हती. १२.४ असं लिहिलेलं होतं.

२

आपलंच बोट चुकून पडलं असेल, तिने मनाशी म्हटलं. प्लेट उघडून पाहिली. मार्च एकोणीसशे सत्तावन्नची होती ती. करडा चौकोन, त्यात काळे ठिपके. जुन्या प्लेटांवर तारे काळे दिसतात. मधोमध, तिच्या ताऱ्याच्या जागी, काहीही नव्हतं. तिने आकडा पुसला, रेघ मारली.

मंगळवारी दुपारी कॅन्टीनहून आली तर सात आकडे. सगळे मार्च सत्तावन्नच्या प्लेटांपुढे.

आता चोराच्या मनात चांदणं! कुणाला तरी कळलंय आणि कुणीतरी आपली फिरकी घेतंय, हा पहिला विचार. तिने फाइलचा इतिहास काढला. सगळे बदल तिच्याच संगणकावरून, तिच्याच नावाने, बारा ते साडेबारा. त्या वेळी ती कॅन्टीनमध्ये रांगेत होती आणि खोलीची किल्ली तिच्या पर्समध्ये. पासवर्ड बदलला. फाइल नेटवरून काढून मशीनवर ठेवली. नेटची वायरसुद्धा उपटून टाकली.

बुधवारी ती जागची हललीच नाही. डबा खोलीतच खाल्ला. बाराला पाणी संपलं तेव्हा बाटली घेऊन उठली, दाराला कुलूप लावलं, दहा पावलांवरच्या कूलरशी गेली. बाटली अर्धी भरली आणि तिला आवाज आला. कीबोर्डचा. सावकाश, एका बोटाने टाइप करणाऱ्या माणसाचा. मधे थांबायचा, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा, आणि मग पुन्हा दोन-तीन टकटक.

धावत जाऊन तिने कुलूप काढलं. खोलीत कुणी नव्हतं. एसी कुरकुरत होता. अनुष्काची खुर्ची टेबलापासून हातभर मागे सरकलेली होती, आणि रकान्यात तेरा आकडे होते.

ऋजुता विज्ञानातली बाई. घाबरली तरी आधी आलेख काढला. तेरा तारखा, तेरा आकडे. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, हे तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आलेख दोन दिवस झपकन वर गेला, आणि पुढचे अकरा दिवस हळूहळू उतरला. गणपतीतला आलेख तिने त्यावर ठेवून पाहिला. रेघेवर रेघ बसली.

असं खोटं कुणाला रचता येईल? येईल, तिला स्वतःला येईल. जगात तो आलेख तिच्याइतका पाठ कुणाला नव्हता. मग थकव्यात मीच टाइप करत असेन, तिने ठरवलं. माणूस झोपेत चालतो, तसं. यावर विश्वास ठेवणं सोपं नव्हतं, पण दुसऱ्या कशावर ठेवणं त्याहून अवघड होतं. तिने तेराही आकडे पुसले.

३

आता अनुष्काचं सांगायलाच हवं. ऋजुताला ते आठवायचं नव्हतं, म्हणून इतका वेळ मीही टाळलं.

अनुष्का इंदूरचीच. स्नेहलतागंजात घर, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. कामाला चोख. पण शेवटच्या वर्षात विचित्र वागायला लागली होती. बोलताना तोंडाकडे बघायची नाही, कानाच्या पलीकडे कुठेतरी बघायची. जिन्यात अडखळायची. ओळखीच्या माणसाला ओळख न देता निघून जायची. "फार शिष्ट झालीय बाई," असं ऋजुतानेच कॅन्टीनमध्ये म्हटलेलं, आणि सगळे हसलेले.

डिसेंबरात सरांनी दोघींचे रकाने पहिल्यांदा शेजारी ठेवले. दोनशे नऊ क्रमांकाच्या प्लेटपुढे ऋजुताची रेघ होती आणि अनुष्काचा आकडा: १३.१. तिला तारा दिसला होता.

ऋजुताने प्लेट पडद्यावर लावली. सरांना काही दिसेना, तिलाही दिसेना. अनुष्का मान वाकडी करून बघत म्हणाली, "आहे ना सर, एकदम साफ आहे."

तेव्हा ऋजुता सरांसमोर, चार लोकांत बोलून गेली, "सर, हिला धड दिसत नाही. परवा काचेच्या दारावर आपटली. हिच्या डोळ्यावर आपण पेपर लिहायचा का?"

कुणी हसलं नाही, हे खरं. पण सरांनी पेन उचललं आणि दोनशे नऊपुढे 'प्लेटवरचा डाग' असं लिहिलं. महिन्याभराने अनुष्काने राजीनामा दिला, आणि ऋजुताने तिला एक फोनसुद्धा केला नाही.

४

गुरुवारी दुपारी ऋजुता स्नेहलतागंजात गेली. हे आकडे अनुष्काच कुठल्या तरी मार्गाने भरते आहे, अशी आशा तिला होती. हो, आशाच! भांडायला जिवंत माणूस मिळालं असतं तर ती सुखाने भांडली असती.

घर दुसऱ्या मजल्यावर. दार अनुष्काच्या आईने, शैलजाबाईंनी उघडलं.

"तू इन्स्टिट्यूटवाली ऋजुता ना? ये बेटा, बस. अनु खूप नाव घ्यायची तुझं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुला माहीत आहे ना, तिच्या डोळ्यांचं? डॉक्टर बोलले, डोळ्याच्या पडद्याची बीमारी आहे, कमी वयात होते. बीचचं सगळं धुंधलं झालं. बाजूबाजूचं दिसतं फक्त. वर्षभर पोरीने कुणाला सांगितलं नाही."

ऋजुताला बसवेना आणि उठवेना. एवढ्यात आतून भिंतीला हात लावत अनुष्का आली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"आज घंटी वाजवून आली, ताई?" ती हसून म्हणाली. "रोज तर अशीच येते."

"रोज? अगं, मी आज येतेय. संक्रांतीनंतर पहिल्यांदा."

"मजाक नको करू यार. सोमवारपासून येते ना तू. बारा-सव्वाबाराला. माझ्या बाजूला बसते, प्लेट दाखवते, विचारते दिसतो का, किती आहे. मी सांगते."

"प्लेट कुठे दाखवते?"

"इथे." अनुष्काने आपल्या कानाजवळ तळहात धरला. "मला इथेच तर दिसतं आता. ताई, आपल्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ना, फिका तारा पाहायचा तर सीधं त्याच्याकडे नाही पाहायचं, थोडं बाजूला पाहायचं. मी तर आता सगळंच तसं पाहते. आई बोलते कुणी आलंच नाही. मी बोलली, तू किचनमधे असते तेव्हा येते."

शैलजाबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऋजुताकडे पाहून नकळत मान हलवली. नाही, कुणी येत नाही.

"आई, दोनच कप आणले?" अनुष्का म्हणाली. तिने मान दाराकडे वळवली होती, म्हणजे डोळ्यांच्या कडेने ती ऋजुताच्या बाजूच्या सोफ्याकडे बघत होती. "आज दोघी आल्यात ना."

ऋजुताने शेजारी पाहिलं. सोफा, त्यावर एक उशी, उशीवर मोर विणलेला. बाकी काही नाही.

"जी समोर बसली तिचा तर मला चेहराच नाही दिसत," अनुष्का शांतपणे सांगत होती. "फक्त धुंध आहे. पण ही बाजूवाली एकदम साफ. तुझीच पिवळी ओढणी. हीच येते रोज." मग जरा थांबून, "ताई, हिची आणि माझी शर्त लागली आहे. ही बोलते, ऋजुता सरांना सगळं खरं सांगेल. दोनशे नऊचं पण. मी बोलली, नाही सांगणार. सांगशील ना?"

खाली रस्त्यावर कुणीतरी "अरे भिया, गाडी हटाओ!" म्हणून ओरडत होतं. शैलजाबाईंनी दोन्ही कप टेबलावर ठेवले.

"सांगेन," ऋजुता म्हणाली.

"मग हरली मी," अनुष्का म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की ऋजुताला तिच्याकडे बघवलं नाही. चहा तसाच टाकून ती उठली. जिना उतरताना तिने दोनदा मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं, पण पावलं मोजली असती तर जास्त भरली असती.

५

शुक्रवारी सकाळी तळघरात आल्या आल्या तिने प्लेट दोनशे चौदा उघडली. करडा चौकोन. मधे काही नाही. मग तिने जे इतक्या महिन्यांत एकदाही केलं नव्हतं, ते केलं. मान तशीच ठेवून नजर शेजारच्या भिंतीवर, एसीच्या डागाळलेल्या पट्टीवर नेली.

तारा तिथे होता. नजरेच्या कडेला, काळाकुट्ट, भरगच्च. एवढा ठळक की सहावीतल्या पोरालाही दिसला असता. थेट बघितलं की गायब, नजर हलवली की हजर. दोनशे नऊ उघडली. तिथेही. दोनशे दहा, अकरा, बारा. सगळीकडे होता.

ती रडली. का रडली ते तिला पक्कं ठाऊक होतं. आंधळी होत चाललेली पोर खरं बोलत होती, आणि धडधाकट डोळ्यांची आपण तिला सगळ्यांसमोर आंधळी म्हणालो. सरांना मेल लिहायला तिने घेतलीसुद्धा. 'सर, अनुष्काचा रकाना मी भरला आहे' एवढं लिहून झालं.

मग तिला आईचा रविवारचा फोन आठवला. वडिलांचं न विचारणं आठवलं. सहा वर्षं आठवली, बस, जिना, ही खोली. आणि समजा सांगितलं, तर पुरावा काय देणार? डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघा, म्हणून? लोक वेड्यात काढतील. अनुष्काला तरी त्याचा काय उपयोग आता? तिची नजर थोडीच परत येणार आहे? अशी कारणं एकदा सुचायला लागली की रांगेने येतात, एकमेकांना ढकलत.

तिने मेल पुसली. रकान्यात पुन्हा आलेले आकडे पुसले, रेघा मारल्या. नेटची वायर परत जोडली आणि अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पेपर पाठवून दिला. 'दोन्ही निरीक्षकांचं पूर्ण एकमत आहे,' असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

पाठवल्याची पोच आली. तिने खुर्चीत मान मागे टाकली, डोळे छताकडे. आणि तेव्हा उजव्या कडेला, अनुष्काच्या खुर्चीत, कुणीतरी बसलेलं दिसलं. पिवळी ओढणी. खांदे पुढे झुकलेले, कामात असल्यावर तिचे स्वतःचे झुकतात तसे. एक बोट कीबोर्डवर.

ऋजुताने मान वळवली. खुर्ची रिकामी. पुन्हा छताकडे पाहिलं. ती होतीच, आणि टाइप करत होती. आता थांबत नव्हती. बरंच काही लिहायचं असावं. टकटक टकटक चालली होती, आणि ऋजुता छताकडे डोळे लावून, तोंडाने श्वास घेत ऐकत राहिली. शेवटी एक कळ जोरात दाबल्याचा आवाज आला, आणि सगळं थांबलं.

६

अशोक सर कधी तळघरात यायचे नाहीत. बाराच्या सुमारास ते आले, तेही धापा टाकत. दार लोटलं आणि तिथेच उभे राहिले.

"ऋजुता," ते म्हणाले, "तुझी मेल वाचली. आत्ताच."

ऋजुता उठून उभी राहिली. पण सर तिच्याकडे बघत नव्हते. ते शेजारच्या खुर्चीकडे बघत होते.

"पेपर तू मागे घेतलास. अनुष्काचा रकाना तू भरलास, हे लिहिलंस. सत्तावन्नचा स्फोट तिला दिसला होता, आणि तिला आपण काय म्हणालो होतो, तेही लिहिलंस." त्यांनी चष्मा काढला. "आपण म्हणालो, असं लिहिलंस. म्हणणारी तू एकटी नव्हतीस. पेन माझ्या हातात होतं, ते खरंच आहे."

"सर, मी कुठलीही मेल पाठवलेली नाही," ऋजुता म्हणाली. "सर, मी इथे आहे."

सर खुर्चीपाशी गेले आणि टेबलाच्या कडेवर टेकले. मग बोलायचे थांबले, माणूस समोरच्याचं ऐकून घेताना थांबतो तसे. मान डोलावली.

"नाही गं, रडू नकोस. पीएचडीचं बघू. वर्ष जाईल, दोन जातील. जाऊ देत. तीस वर्षं मी मुलांना शिकवतोय, ऋजुता, पण आपणहून असं कुणी…" त्यांनी चष्म्याच्या काचा पुसल्या. सहा वर्षांत सर तिच्याशी इतक्या मायेने एकदाही बोलल्याचं तिला आठवेना.

"सर!" ती किंचाळली. त्यांच्या तोंडासमोर तिने हात हलवला. सरांनी डोळे मिचकावले आणि मान जराशी कलती केली, मधे कसला तरी धूर आल्यासारखी, आणि तिच्या हातापलीकडे खुर्चीकडे बघत राहिले. तिने त्यांची बाही धरली. बोटांत कापड आलं की नाही, हे तिलाच सांगता आलं नसतं.

"चल," सर उठत म्हणाले. "आधी काहीतरी खाऊन घे. मग आपण दोघं स्नेहलतागंजात जाऊ. माफी मलाही मागायची आहे."

अनुष्काची खुर्ची मागे सरकली. सरांनी दार उघडून धरलं, एक माणूस बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तसेच उभे राहिले, आणि त्या माणसाच्या मागोमाग स्वतः बाहेर झाले. जिन्यावर चार पावलं वाजली, दोन त्यांची, दोन बाईमाणसाची. मग सरांना काहीतरी आठवलं असावं. ते एकटेच परत आले, खोलीत एकदा नजर फिरवली, कुणी नाही असं पाहिलं, आणि लाइट बंद केला.